हजेरीबुक ते पोर्टल : कामगाराच्या नोंदीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानास श्रोते येतात ते बहुधा राजे, लढाया आणि तह यांच्या गोष्टी ऐकावयास. आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याने हजेरीबुकाचा, पगारचिठ्ठीचा आणि रजेच्या अर्जाचा इतिहास सांगावयास उभे राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कायद्याच्या पुस्तकांवर आणि कामगार पिशवीतून घेऊन येतात त्या चुरगळलेल्या कागदांवर झाले. त्या कागदांनी आम्हांस एक धडा पक्का शिकविला आहे : नोकरीत ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती माणूस.

या धड्याची आठवण आज करावयाचे कारण असे की, नोंद ठेवण्याची रीत आमच्या डोळ्यांदेखत पालटली आहे. मोठ्या कंपन्यांत आता 'पोर्टल' असते. कर्मचाऱ्याने संगणकावर किंवा मोबाईलवर आपला नंबर आणि पासवर्ड टाकावा आणि आपली हजेरी, शिल्लक रजा, पगाराची चिठ्ठी, प्राप्तिकराचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधी हे सारे स्वतः पाहावे. रजेचा अर्ज स्वतः भरावा, पत्ता बदलला तर स्वतः बदलावा, वारसाचे नाव स्वतः नोंदवावे. या व्यवस्थेचे नावच 'सेल्फ-सर्व्हिस', म्हणजे आपली सेवा आपणच करून घ्यावी असे आहे. पूर्वी ज्या कामासाठी टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभे राहावे लागे, ते काम आता घरबसल्या होते. ही सोय आहे, यात संशय नाही. परंतु कोणत्याही सोयीचा विचार करताना ती कोठून आली आणि तिने काय घेतले, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी आपण तीन साधे प्रश्न हाती धरू. कामगाराची नोंद करतो कोण? ती पाहू शकतो कोण? आणि ती चुकली, तर दुरुस्त करून देतो कोण?

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. त्यानंतरच्या साठसत्तर वर्षांत या शहरात जो गिरणीकामगार उभा राहिला, त्याची आणि मालकाची गाठ क्वचितच पडे. मध्ये जॉबर असे. कोकणातून किंवा घाटावरून माणूस आणावयाचा जॉबरने, त्याला साच्यावर उभा करावयाचा जॉबरने, गावी जाण्याची परवानगी द्यावयाची जॉबरने, आणि कामावरून काढावयाचेही जॉबरनेच. गिरणीच्या दप्तरी मस्टर होते, नाही असे नाही. परंतु कोण कायम आणि कोण बदली, कोण चार दिवसांसाठी गावी गेला आणि कोण काम सोडून गेला, याची खरी वही जॉबरच्या डोक्यात असे. शिमग्याहून परतलेल्या कामगारास त्याची जागा मिळावयाची की नाही, हे त्या वहीवर ठरे, आणि त्या वहीतले पान आपल्या बाजूने उलटावयाचे तर जॉबरचा हात ओला करावा लागे. आपल्या तीन प्रश्नांना त्या काळी एकच उत्तर होते. नोंद करणारा जॉबर, पाहणारा जॉबर आणि दुरुस्त करणाराही जॉबर.

या अवस्थेविरुद्ध पहिला संघटित आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांनी उठविला. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. ती १० जून १८९० रोजी पदरात पडली. परंतु त्याच मागण्यांत आणखी एक मागणी होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, ही ती मागणी. पंधरा तारखेपर्यंत पगार मिळावा एवढेसुद्धा मागून घ्यावे लागत होते, यावरून हिशेब कोणाच्या मर्जीने चाले ते ध्यानात येईल.

जॉबरची ही सत्ता सरकारच्या नजरेस ठळकपणे आली ती १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगामुळे. कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी या आयोगाचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली की, भरतीचे आणि काढून टाकण्याचे अधिकार जॉबरकडे ठेवू नयेत, त्यासाठी कारखान्यात मजूर अधिकारी नेमावा. पुढे १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची रीतसर नोंद ठेवण्यास आरंभ केला. आजचा 'एचआर' नावाचा जो विभाग आहे, त्याचे कूळ शोधीत मागे गेले तर आपण या मजूर अधिकाऱ्यापाशी येऊन पोहोचतो. मजूर अधिकाऱ्याचा पर्सोनेल ऑफिसर झाला, पर्सोनेल ऑफिसरचा एचआर मॅनेजर झाला. नोंद जॉबरच्या डोक्यातून निघाली आणि कागदावर आली, हे या घराण्याचे पहिले कार्य होय, आणि ते लहान नव्हे.

कागदावर आलेल्या या नोंदीला कायद्याने हळूहळू बांध घातले. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगाराची तारीख ठरवून दिली. हजाराहून कमी कामगार असतील तेथे सात तारखेच्या आत आणि इतरत्र दहा तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, पगारातून काय कापता येईल त्याची यादी ठरलेली असली पाहिजे, आणि दंड करावयाचा तर आधी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. लोखंड्यांची पंधरा तारीख बावन्न वर्षांनी सात आणि दहा तारखेवर आली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने त्याहून मोठी गोष्ट केली. हजेरी, रजा, पाळ्या, शिक्षा यांचे नियम लेखी असले पाहिजेत आणि ते कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी फलकावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावले पाहिजेत, असे त्याने सांगितले. दाराशी आणि आपल्या भाषेत, हे दोन शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पगारी रजेचा हक्क दिला. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस. या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत रजापुस्तिकेची तरतूद आहे, आणि तिच्यातील एक वाक्य आम्ही तरुणपणी वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचले होते. त्याचा आशय असा की, रजापुस्तिका ही कामगाराच्या मालकीची आहे. व्यवस्थापकाने ती फक्त नोंद करण्यापुरती मागावी आणि एका वेळी आठवड्याहून अधिक काळ आपल्याजवळ ठेवू नये. नोंद करणारा मालक, पण नोंदीचा धनी कामगार! नियम करणारांच्या हातून हे वाक्य सहज लिहिले गेले असेल; परंतु आमच्या मते या देशातल्या कामगाराच्या इतिहासात त्याची योग्यता मोठी आहे.

१९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. पगारातून कापलेली रक्कम आणि मालकाचा वाटा एका निधीत जमा व्हावयाचा, आणि त्याची वर्षाची चिठ्ठी कामगाराला मिळावयाची, अशी ती व्यवस्था. चिठ्ठी येई ती मालकाच्याच हातून, पुष्कळदा उशिरा, आणि कित्येकदा येतच नसे. तेव्हा कागदाचे युग सुवर्णयुग होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. टाइम ऑफिसची खिडकी दुपारी बंद असे. आतला कारकून मान वर करून पाहत नसे. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला रजेवर, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तरीसुद्धा खिडकीच्या आत एक माणूस होता. त्याच्याशी भांडता येत असे. चार माणसे मिळून खिडकीशी गेली, तर कपाट उघडत असे.

त्या कागदाची किंमत किती, हे मुंबईच्या गिरणीकामगाराला फार उशिरा आणि फार दुःखाने कळले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाची कथा आपणांस ठाऊक आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनींचा प्रश्न उभा राहिला. पुढे त्या जमिनींच्या काही भागावर कामगारांना घरे देण्याचे ठरले, आणि १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेला कामगार किंवा त्याचा वारस त्यास पात्र ठरला. दीड लाखाहून अधिक अर्ज म्हाडाकडे आले. मग प्रश्न आला तो पुराव्याचा. तुम्ही गिरणीत होता हे कशावरून? ज्या गिरणीची चिमणी पाडली गेली, तिचे मस्टर कोण शोधणार? तेव्हा कामास आले ते घरातल्या ट्रंकेत, देवाच्या फोटोमागे, गावच्या कणगीत ठेवलेले कागद : ओळखपत्र, तिकीट नंबर, फंडाचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, एखादी पिवळी पडलेली पगारपावती. ज्याच्या घरी कागद, त्याच्या पायाखाली जमीन आणि ज्याचा कागद पावसात भिजला, तो कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिला. नोंद ही नोकरीपुरती नसते. नोकरी संपल्यावर, कारखाना संपल्यावर, कामगार मेल्यावरसुद्धा तिचे काम पडते.

आता यंत्राकडे वळू. पगाराचा हिशेब करणारे पहिले व्यापारी संगणकयंत्र एखाद्या पोलाद कारखान्यात नव्हे, तर चहाच्या दुकानांसाठी तयार झाले. लंडनची जे. लायन्स ही कंपनी चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवी. तिने 'लिओ' नावाचा संगणक स्वतः बांधला. १९५१ साली त्यावर बेकरीचे हिशेब होऊ लागले आणि १९५४ पासून नोकरांचे पगार नियमाने निघू लागले. आपल्याकडे हा वारा आयुर्विमा महामंडळात १९६० नंतर आला, आणि कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठा लढा दिला. हा प्रश्न इतका तापला की केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली यांत्रिकीकरणावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी संघटना आणि बँका यांच्यात करार झाला व मर्यादित संगणकांना वाट मिळाली. या साऱ्या वादात भर होता तो कारकुनांच्या नोकऱ्यांवर. तो योग्यच होता. परंतु ज्याची नोंद यंत्रात जाणार, त्या कामगाराचे त्या नोंदीवर काय हक्क राहतील, हा प्रश्न मागे पडला.

यंत्र आले तरी कारकून होताच. तो माहिती गोळा करी आणि यंत्रात भरी. कारकुनाचे काम ज्याचे त्याच्यावर सोपवावे ही कल्पना वेगळी, आणि ती आली वाण्याच्या दुकानातून. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' हे दुकान काढले. तोपर्यंत गिऱ्हाइकाने यादी द्यावयाची आणि दुकानातल्या नोकराने माल काढून द्यावयाचा, अशी रीत होती. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि सांगितले, फिरा आणि घ्या. गिऱ्हाइकाला निवड मिळाली, मालही स्वस्त पडला. आणि नोकराचे काम गिऱ्हाईक फुकट करू लागले. पुढे पेट्रोलच्या पंपावर आणि बँकेच्या एटीएमवर हीच रीत आली. हीच रीत आपल्या नोकरीच्या दप्तरात शिरली ती १९९० नंतर.

जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी 'सॅप' ही कंपनी काढली होती. कॅलिफोर्नियात १९८७ साली डेव्हिड डफिल्ड आणि केन मॉरिस यांनी 'पीपलसॉफ्ट' काढली, आणि तिने कर्मचाऱ्यांच्या नोंदींची प्रणाली हाच आपला मुख्य धंदा केला. इंटरनेट पसरल्यावर या प्रणालीला एक खिडकी पाडता आली, आणि त्या खिडकीतून प्रत्येक कर्मचारी आपल्या पानापर्यंत पोहोचू लागला. मालकाच्या हिशेबाने यात दुहेरी लाभ होता. माहिती भरण्याचे काम कर्मचाऱ्याकडे गेले, आणि ठिकठिकाणचे कारकून काढून एका मध्यवर्ती केंद्रात थोडी माणसे ठेवली की भागू लागले. आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी ही रीत प्रथम उचलली, मग मोठ्या कारखान्यांनी. २६ नोव्हेंबर २०२० रोजी भारतीय रेल्वेने आपल्या मनुष्यबळ-प्रणालीत सेल्फ-सर्व्हिसचा भाग सुरू केला. बारा लाखांच्या घरात नोकर असलेल्या संस्थेतील गँगमनपासून अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांची सेवापुस्तके पडद्यावर आली.

या बदलाने काही दिले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या अनुभवात त्याचे सर्वांत मोठे देणे भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये निधी संघटनेने प्रत्येक सभासदास बारा आकडी कायम क्रमांक देण्यास आरंभ केला, आणि पासबुक कामगाराला स्वतः पाहता येऊ लागले. पगारातून पैसे कापावयाचे आणि निधीत भरावयाचे नाहीत, ही लबाडी पूर्वी वर्षानुवर्षे झाकली जात असे. आता कामगार दर महिन्याला पासबुक उघडतो आणि भरणा झाला नसेल तर दुसऱ्या दिवशी गेटवर विचारतो. जानेवारी २०२५ मध्ये तर आधारशी जोडलेल्या खात्यांपुरती नाव, जन्मतारीख यांसारखी माहिती मालकाच्या सहीवाचून दुरुस्त करण्याची सोयही झाली. येथे एक बाब लक्षात घ्यावी. हे पासबुक मालकाचे नाही. ते मालकाबाहेरच्या संस्थेचे आहे, आणि नोकरी बदलली तरी ते कामगाराबरोबर जाते. म्हणून ते कामगाराच्या बाजूने उभे राहते.

कंपनीच्या पोर्टलचे तसे नाही, आणि तेथेच आमचा आक्षेप सुरू होतो. पाहण्याचा हक्क मिळाला, परंतु दुरुस्तीचा हक्क कोणाकडे मागावयाचा, हे कळेनासे झाले. या रोगाचे सर्वांत मोठे उदाहरण कॅनडाचे आहे. तेथील केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फिनिक्स' नावाची पगारप्रणाली सुरू केली. ती पीपलसॉफ्टच्या प्रणालीवर उभारलेली होती, आणि सुमारे दोन लाख नव्वद हजार कर्मचाऱ्यांचे पगार तिच्यातून निघावयाचे होते. खात्याखात्यांत पगाराचे काम जाणणारे जे सल्लागार होते, त्यांच्या सुमारे बाराशे जागा काढून मिरामिची या गावी सुमारे साडेपाचशे माणसांचे एक केंद्र करण्यात आले. वर्षाला सात कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात काय झाले? कोणाला पगार कमी मिळाला, कोणाला मिळालाच नाही, कोणाच्या खात्यात जादा रक्कम पडली आणि मग ती परत मागण्यात आली. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या स्त्रिया, हंगामी कर्मचारी, पाळीचा भत्ता घेणारे, म्हणजे ज्यांच्या नोंदीत काही वळण होते, ते सर्वांत अधिक भरडले गेले. पडद्यावर चूक दिसत होती. पण ती समजून घेणारा माणूस घरी पाठविला गेला होता. महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या प्रकरणाला अनाकलनीय अपयश म्हटले. २०२० साली तेथील सर्वांत मोठ्या संघटनेशी सरकारला करार करावा लागला आणि प्रत्येकी अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागली. कॅनडासारख्या श्रीमंत देशातल्या सरकारी नोकराची ही गत, तर आपल्या कारखान्यातल्या हेल्परची कथा काय?

ती कथाही सांगतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील एका कारखान्यात पॅकिंग विभागातल्या एका कामगाराने वडिलांच्या आजारपणासाठी आठ दिवसांची रजा मोबाईलवर टाकली. पडद्यावर 'प्रलंबित' असे आले. ज्या अधिकाऱ्याकडे अर्ज गेला, तो अधिकारी आधीच्या महिन्यात नोकरी सोडून गेला होता. त्याचे नाव मात्र प्रणालीत तसेच होते. आठ दिवस गैरहजेरी लागली आणि तेवढा पगार कापला गेला. कामगार सुपरवायझरकडे गेला, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, सिस्टिममध्ये टाक." एचआरकडे गेला, तेथे सांगितले, "तिकीट काढा." तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर. तो नंबर आठवड्याने आपोआप बंद झाला. शेवटी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पूर्वी साहेब नाही म्हणायचा तेव्हा निदान साहेबाचं तोंड दिसायचं." संघटनेने लेखी पत्र दिल्यावर तिसऱ्या महिन्यात पैसे मिळाले. यात लबाडी कोणीच केली नव्हती, आणि हीच भीतीची गोष्ट आहे. लबाडी करणारा सापडतो, त्याला जाब विचारता येतो. येथे जाब देणाराच कोणी नव्हता. जॉबर गेला, कारकून गेला, आणि त्यांच्या जागी 'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य येऊन बसले.

आता ते दोन शब्द आठवा : दाराशी आणि आपल्या भाषेत. १९४६ चा कायदा ज्या काळी झाला, त्या काळी बहुसंख्य कामगारांना वाचताही येत नव्हते. तरी नियम त्यांच्या भाषेत लावण्याचे बंधन होते. आज वाचता येणाऱ्या कामगाराच्या हाती पोर्टल येते ते बहुधा इंग्रजीत. 'लीव्ह बॅलन्स', 'रेग्युलरायझेशन', 'अप्रूव्हर' या शब्दांची फोड त्याला शेजारच्या तरुण मुलाकडून करून घ्यावी लागते. आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगू नये असे पोर्टल सांगते, आणि पासवर्ड दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कित्येकांना पोर्टल उघडता येत नाही! शिवाय कंत्राटी कामगाराला तर ही खिडकीही नाही. एकाच लाईनवर उभ्या असलेल्या दोघांपैकी कायम कामगाराची नोंद पडद्यावर दिसते आणि कंत्राटी कामगाराची नोंद कंत्राटदाराच्या वहीत. म्हणजे एकाच कारखान्याच्या छपराखाली २०२० नंतरचे युग आणि १९२० पूर्वीचे युग शेजारी शेजारी नांदत आहे.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र शेवटच्या दिवसाचा आहे. कामगार राजीनामा देतो, निवृत्त होतो किंवा काढला जातो, आणि बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत त्याचा पासवर्ड बंद होतो. वीस वर्षांच्या पगारचिठ्ठ्या, रजेचे हिशेब, बढतीची पत्रे ही सारी पडद्यामागे राहतात. कंपनी विकली गेली, प्रणाली बदलली, की जुनी माहिती कोठे गेली ते सांगणारा कोणी राहत नाही. गिरणीकामगाराच्या ट्रंकेत निदान एक पावती होती. आजच्या कामगाराच्या वारसाला उद्या कोणी विचारले, तुमचा बाप येथे कामाला होता हे कशावरून, तर त्याने काय दाखवावयाचे? बंद पडलेल्या पोर्टलचा पत्ता? रजापुस्तिका कामगाराच्या मालकीची होती. पोर्टल कामगाराला दाखविले जाते, पण दिले जात नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका फरकात आहे.

२०१९ ची वेतन संहिता आणि २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या, आणि १९३६ चा व १९४६ चा कायदा त्यांत विलीन झाला. वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन वेतन संहितेत आहे. परंतु कायद्यात बंधन असणे आणि कागद हातात असणे यांत किती अंतर असते, हे लोखंड्यांच्या पंधरा तारखेपासून आपण पाहत आलो आहोत. ते अंतर प्रत्येक वेळी संघटनेने तोडले आहे. म्हणून करार करताना पगारवाढीच्या कलमाशेजारी चार कलमे घालावीत, असे आम्ही प्रत्येक संघटनेला सांगतो. पहिले, पोर्टल मराठीत आणि कामगारांना समजेल अशा भाषेत असले पाहिजे. दुसरे, कारखान्याच्या दाराशी एक खिडकी आणि खिडकीत नाव-हुद्दा असलेला एक माणूस असला पाहिजे, आणि चुकीची दुरुस्ती ठरावीक दिवसांत करण्याची जबाबदारी त्याच्यावर असली पाहिजे. तिसरे, नोंद चुकल्याची तक्रार पडून असेल तोवर त्या कारणाने पगार कापता कामा नये. चौथे, नोकरी सुटताना प्रत्येकाला आपल्या साऱ्या सेवेची प्रत, सहीशिक्क्याची, कागदावर मिळाली पाहिजे, आणि कंत्राटी कामगारालाही ती मिळाली पाहिजे.

यात यंत्राला विरोध नाही. यंत्रे येतात ती परत जात नाहीत, आणि जॉबरच्या काळात परत जाण्याची इच्छा कोणाही शहाण्या कामगाराला होणार नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, घाम ज्याचा, त्याची नोंदही त्याच्या घरी असावी. तोवर, श्रोत्यांत जे नोकरीपेशाचे लोक असतील, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर आपले पोर्टल उघडावे, आपल्या पगारचिठ्ठ्या उतरवून घ्याव्यात, त्या छापाव्यात आणि ट्रंकेत ठेवाव्यात. ट्रंक नसेल तर घ्यावी.